गॅस पळतो कुठून?

(शेंद्रा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही बिअरवर बोलणार आहोत. मागे बसलेली पोरं हसली, ते दिसलं. पुढे बसलेल्या आयाबहिणींच्या कपाळावर आठी पडली, तीही दिसली. दोघांनाही सांगतो, जरा थांबा. आम्ही इथे कुणाला प्यायला शिकवायला आलो नाही, आणि पिऊ नका असं कीर्तन करायलाही आलो नाही. महिन्यापूर्वी आपल्या या गावात एक पोरगा मरता मरता राहिला. तो वाचला तो आपल्या हुशारीने नव्हे, उकाड्यामुळे. त्याची गोष्ट पुढे येईलच. पण ती समजायची तर पिंपात गॅस कसा राहतो आणि कसा पळतो, हे आधी समजलं पाहिजे. आणि ते शास्त्र घराघरात तपासून घेतलं ते घरी बिअर करणाऱ्या लोकांनी.

शेंद्र्याच्या माणसाला बिअर नवीन नाही. पिण्याचं सोडा, बनवण्याचं म्हणतो आम्ही. वाळूजच्या बिअर कारखान्यांत आणि आपल्या शेंद्र्याच्या वसाहतीत आपलीच पोरं ठेकेदाराकडे कामाला आहेत. टाक्या धुणं, पिंपं भरणं, बाटल्यांच्या पट्ट्यावर उभं राहणं, हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. त्या कारखान्यांत येणारी सातू आपली नाही, ती बहुतेक राजस्थान-हरियाणाकडून येते. हॉप्स त्याहून दुरून येतात. आपलं काय? आपलं पाणी आणि आपली पोरं. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बिअर कारखान्यांचं पाणी कमी करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या ग्लासातलं पाणी कुठून येतं, हे सगळ्या देशाला कळलं. आपल्याला ते आधीपासूनच माहीत होतं.

आता या पोरांनी एक गट केला. सहा घरांनी पैसे घातले. मोसंबीचा आणि लिंबाचा सोडा करायचा, पिंपात भरायचा, जालना रस्त्यावर आणि मांगीरबाबाच्या यात्रेत नळाने ग्लासात सोडून विकायचा. बेत चांगला आहे. बागवानाच्या काट्यावर मोसंबीचं काय होतं ते आम्ही सांगायला नको. पण पहिल्याच उन्हाळ्यात दोन तक्रारी आल्या. पहिली, 'भाऊ, सकाळी भरलेला गॅस दुपारी नसतो.' दुसरी, 'ग्लासात निम्मा फेस येतो आणि खाली पाणीच.' आणि गटातल्याच एकाने, नाव आम्ही सांगणार नाही, गुपचूप घरी बिअर लावून त्याच पिंपात भरली. तीही बसली. बसली म्हणजे गॅस गेला, सरबत झालं.

त्या बिअरचं आधी बोलू.

आपल्या राज्यात १९४९ सालचा दारूबंदी कायदा आहे. पूर्वी त्याच्या नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे. त्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. 'घरच्यासाठी केली, विकली नाही' हे उत्तर पोलिसासमोर चालत नाही. दुसरीकडे काय आहे तेही ऐका. ब्रिटनने १९६३ साली घरी पिण्यापुरती बिअर करायला लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेने १९७८ साली कायदा केला, की दोन प्रौढ माणसं असलेल्या घराने वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, बिअर घरापुरती केली तर तिच्यावर कर नाही. तिथेही सगळी राज्यं लगेच तयार झाली नाहीत. शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये तयार झाली. पस्तीस वर्षं लागली. आपल्या पुण्यात डूलाली नावाची छोटी बिअरभट्टी २००९ साली सुरू झाली, ती परवाना घेऊन.

शेतकऱ्याने आपल्या मालाचं काय करावं, त्याचा रस काढावा का तो आंबवावा, हे सरकारने किती ठरवावं, यावर आमचं मत तुम्हाला ठाऊक आहे. ते मत आम्ही उघड मांडतो. पण एक आमच्याकडून लिहून घ्या. कायदा बदलायचा तर तो चावडीवर उभं राहून मागायचा असतो, न्हाणीघरात पिंप लपवून तो बदलत नाही. लपवणाऱ्या पोराच्या नावावर खटला चढतो आणि गटाचा सोडा चांगला असला तरी त्याचं नाव जातं. त्या पोराने आमच्यासमोर पिंप ओतून दिलं. विषय संपला. सोड्यासाठी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या, म्हणजे रस्त्यावर ताठ मानेने उभं राहता येईल.

आता शास्त्र. आम्ही परभणीला शिकलो तेव्हा गॅस पाण्यात कसा विरघळतो, हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा उपयोग कळला तो तुमच्या या पिंपांपाशी.

गॅस एकच आहे, कार्बन डायऑक्साइड. बिअरमध्ये तो यीस्ट तयार करतं. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि गॅस टाकतं. चार ग्रॅम साखर आंबली की सुमारे दोन ग्रॅम गॅस सुटतो, म्हणजे जवळजवळ एक लिटर. परदेशातला घरी बिअर करणारा माणूस आंबणं पुरतं थांबल्यावर एकोणीस लिटरच्या पिंपात अदपाव साखर घालतो आणि झाकण लावून टाकतो. तेवढ्या साखरेवर यीस्ट पुन्हा काम करतं, आणि झाकण घट्ट असेल तर गॅसला जायला जागा नसते, म्हणून तो बिअरमध्येच मुरतो. दुसरी रीत सिलिंडरची: गॅस बाहेरून आणायचा आणि दाबाने आत मुरवायचा. तुमच्या सोड्याला हीच रीत. गॅस मात्र खाण्यापिण्याच्या दर्जाचा घ्या, वेल्डिंगच्या दुकानातला नको.

बिअरवाले गॅस मोजतात तो पटीत. एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस मुरला असेल तर ते म्हणतात अडीच पट. नेहमीच्या बिअरला एवढा पुरतो. सोड्याला साडेतीन-चार पट लागतो, तेव्हा तो नाकाला झोंबतो.

हा अडीच पट गॅस आत राहायला दाब किती लागतो? इथे लक्ष द्या, कारण तुमची पहिली तक्रार इथेच आहे. बिअर चार अंशांवर, म्हणजे फ्रीजमध्ये असेल, तर बारा पौंड. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात असते तेवढी हवा. तीच बिअर वीस अंशांवर असेल तर अठ्ठावीस पौंड, मोटारसायकलच्या मागच्या चाकाएवढा. आणि तीस अंशांवर? अडतीस-चाळीस. बिअर तीच, गॅस तोच, पण पेय जसं तापेल तसा गॅस बाहेर पडायला बघतो, आणि त्याला दाबून धरायला तिप्पट जोर लागतो. आता सांगा, एप्रिलच्या उन्हात यात्रेत पत्र्याखाली ठेवलेल्या पिंपाला तुम्ही बारा पौंडांवर ठेवलंत, तर गॅस राहील कसा? तो काही तुमच्यावर रुसला नाही, तो नियमाने चालला आहे.

म्हणून पहिला धडा: गॅस आधी थंडीने धरायचा, मग दाबाने. सोड्याला पट जास्त, म्हणून त्याला बर्फाशिवाय गतीच नाही. पिंपाभोवती बर्फाची लादी, वर ओलं पोतं, आणि सावली. आणि घाई नको. थंड पेयावर दाब लावून ठेवला तरी गॅस वरच्या पृष्ठभागातूनच आत जातो, त्याला आठवडाभर लागतो. पिंप आडवं करून हलवलं तर लवकर मुरतो, पण मग दाब किती गेला याचा अंदाज चुकतो आणि फेस होतो. ज्याला यात्रा गाठायची आहे त्याने आठ दिवस आधी भरावं.

आता दुसरी तक्रार, फेसाची. ग्लासात फेस आला की पोरं म्हणतात, गॅस जास्त झाला, आणि रेग्युलेटर पिळून दाब कमी करतात. दाब कमी झाला की पिंपातला गॅस पेयातून सुटून वरच्या मोकळ्या जागेत येतो. दोन दिवसांत पेय बसतं. मग म्हणतात, गॅस भरलाच नव्हता. अहो, फेस म्हणजे जास्त गॅस नव्हे. फेस म्हणजे पळून चाललेला गॅस. जो ग्लासात जिभेवर यायला पाहिजे होता, तो नळातच सुटला.

का सुटला? तुमची नळी हातभर आहे. पिंपातून बारा पौंडांवर निघालेलं पेय हातभर नळीतून एकदम ग्लासात आदळतं. ठिबकवाल्यांनो, तुम्हाला हे समजलं पाहिजे. नळी जितकी लांब आणि बारीक, तितका दाब वाटेत खर्च होतो. मोटारीजवळच्या ड्रिपरला आणि शेवटच्या ड्रिपरला सारखं पाणी येत नाही, ते याच कारणाने. तिथे ते आपलं नुकसान आहे, इथे तेच आपल्या कामाचं. पेन्सिलीपेक्षाही बारीक पोकळीची आठ-दहा फूट नळी वेटोळं करून बर्फातच ठेवा. दाब वाटेत संपतो आणि पेय ग्लासात शांतपणे उतरतं. नळी बाहेर उन्हात राहिली तर पहिला ग्लास फेसाचाच येणार, तो बाजूला ठेवा. आणि मोसंबीचा रस गाळून घ्या. गराच्या प्रत्येक तुसाला धरून गॅसचा बुडबुडा सुटतो.

रसाचं आणखी एक. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होतो, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. आणि सालीवर यीस्ट असतंच. गरम न केलेला रस साखरेसकट पिंपात भरून उन्हात ठेवलात, तर यीस्ट तेच करील जे ते बिअरमध्ये करतं: गॅस वाढवील, दाब वाढवील, आणि वर मद्यार्कही करील. ज्याला कायद्याने बिअर करायची नाही, तो नकळत दारू करून बसेल, आणि ज्याला पिंप फोडायचं नाही, त्याचं पिंप फुगेल. म्हणून रस तापवून, निववून, थंडीत भरा आणि लवकर संपवा.

आता येतो मुख्य गोष्टीवर. गॅस पळतो कुठून?

तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांनी गोटी सोडा प्यायला आहे. त्या बाटलीला बूच नाही, झाकण नाही. कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बाटली काढली. गळ्यात रबराचं कडं आणि आत काचेची गोटी. बाटली भरली की आतला गॅसच गोटीला वर ढकलून त्या कड्यावर बसवतो. गॅसनेच आपल्या हाताने दार लावून घेतलं! जितका दाब जास्त, तितकं दार घट्ट. आणि दाब कमी असेल तर? गोटी सैल, सोडा बसलेला.

आपली ही उंच पोलादी पिंपं त्याच युक्तीवर चालतात. एके काळी थंड पेयांच्या कंपन्या यांत सरबताचा पाक भरून दुकानांना देत. पुढे त्यांनी पाक पिशवीत भरून खोक्यातून द्यायला सुरुवात केली, पिंपं बाजारात निघाली, आणि परदेशातल्या घरी बिअर करणाऱ्यांनी ती उचलली. एकोणीस लिटरचं पिंप. वर अंडाकृती मोठं झाकण, ते आतून लागतं, गोटीसारखं. दोन तोट्या: एक गॅस आत घ्यायची, तिची नळी आखूड, दुसरी पेय बाहेर काढायची, तिची नळी तळापर्यंत. आणि या सगळ्याला मिळून पाच वायसर. झाकणाला एक मोठा, तोट्यांना बाहेरून दोन, आतल्या नळ्यांना दोन. पाचच. एवढ्या मोठ्या पोलादी पिंपात गॅस धरून ठेवणारी वस्तू पोलाद नाही, हे पाच रबरी वायसर आहेत. पोलाद पन्नास वर्षं टिकेल. वायसर सुकतो, चपटा होतो, त्याला चीर पडते, त्यात रसाचा वास मुरतो. आणि तो काही रुपयांना मिळतो, म्हणून कुणी बदलत नाही.

आता त्या पोराची गोष्ट.

गटाने पाच किलोचा सिलिंडर आणला. गॅस वाचावा म्हणून पोरांनी रात्री पिंप चार-पाच पौंडांवर जोडून ठेवलं. त्यांना वाटलं, कमी दाब म्हणजे कमी गळती. नेमकं उलटं झालं. कमी दाबाने झाकण कड्यावर बसलंच नाही. सैल गोटीची बाटली झाली ती. रात्रभर झाकणाच्या कडेने गॅस जात राहिला, आणि रेग्युलेटर इमानदारीने सिलिंडरमधून नवा गॅस देत राहिला. सकाळी सिलिंडर रिकामा. पोरं हळहळली, पैसे गेले म्हणून.

आम्ही विचारलं, 'पिंप कुठं होतं?' म्हणाले, 'भाऊ, दहा बाय दहाच्या खोलीत, दार-खिडकी लावून. चोरीची भीती ना.' 'राखणीला कोण?' तर एक पोरगा रोज तिथेच खाली सतरंजीवर झोपत असे. त्या रात्री उकाडा फार, म्हणून त्याने बाज बाहेर काढली.

आम्ही तिथेच जमिनीवर खडूने हिशेब मांडला. एक किलो गॅस मोकळा झाला की अर्ध्या घनमीटरहून जास्त जागा घेतो. पाच किलोचे झाले पावणेतीन घनमीटर. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे अठ्ठावीस घनमीटर. खोलीतल्या हवेच्या जवळजवळ दहावा हिस्सा गॅस झाला. एवढ्या गॅसात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो, आणि तिथेच राहिला तर उठत नाही. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, तो आधी खालीच साठतो, सतरंजीच्या उंचीला. खोलीच्या फटींतून काही गेला असेल, हे खरं. पण कुणाच्या लेकराचा जीव आपण फटींच्या भरवशावर ठेवायचा का?

हिशेब पुरा झाला तेव्हा कुणी बोलेना. तो पोरगा आज इथे बसला आहे. त्याची आईही बसली आहे.

मायबहिणींनो, ही काही परदेशी आपत्ती नाही. आपल्या वाडवडिलांना ती माहीत होती. ज्वारीचं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. झाकण काढून ठेवत, वारा जाऊ देत, मग उतरत. जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघत. दाणा श्वास घेतो, गॅस सोडतो, आणि तो खड्ड्यात साचतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, पेवात गेलेली माणसं मोजून शिकले होते. कंदिलावर पुरता भरवसा ठेवू नका, कंदील जळत असतो तेव्हाही गॅस माणसाला पाडण्याइतका असू शकतो. पण जाण घ्या. पेव जमिनीखाली होतं म्हणून आपण भ्यायलो. खोली जमिनीवर आहे म्हणून विसरलो.

म्हणून कामाच्या गोष्टी नीट सांगतो.

झाकण बसवायची रीत अशी. झाकण लावल्यावर आधी एकदम तीस पौंड दाब द्या. 'टप्' असा आवाज येऊन झाकण कड्यावर बसतं. मग सिलिंडर बंद करा, जादा दाब सोडा आणि हवा तेवढाच ठेवा. मग साबणाचं पाणी. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो, तसंच इथे झाकणाच्या कडेला, दोन्ही तोट्यांना, रेग्युलेटरच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला की तिथे गळती. त्यावरही विश्वास न ठेवता सिलिंडर बंद करून पिंप रात्रभर ठेवा. मात्र ही परीक्षा साध्या पाण्याने नव्हे, गॅस पुरता मुरलेल्या पेयावर किंवा रिकाम्या पिंपावर घ्या, कारण पाणी गॅस पिऊन घेतं आणि काटा गळती नसतानाही खाली येतो. सकाळी काटा जागेवर, तर पिंप पास.

वायसरला खाण्यापिण्याच्या दर्जाचं सिलिकॉनचं ग्रीस बोटभर लावा. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस नको, रबर फुगतं आणि वासही येतो. हंगामाच्या सुरुवातीला पाचही वायसर बदला. पिंप धुताना तोट्या खोला. दुधाची कॅन वरून चकचकीत आणि रबराखाली आंबट, हे डेअरीवाल्यांना सांगायला नको. ब्लीचिंगचं पाणी पोलादात ठेवू नका, त्याने पोलादाला बारीक खड्डे पडतात.

रेग्युलेटरशिवाय सिलिंडर कधीही जोडायचा नाही. तीस अंशांवर त्या सिलिंडरमध्ये हजार पौंडांचा दाब असतो, ट्रकच्या टायरच्या जवळजवळ दहापट. उन्हात तो आणखी झपाट्याने वाढतो. सिलिंडर सावलीत, उभा, साखळीने बांधलेला. आणि त्यात गॅस किती उरला, हे दाबाच्या काट्यावर कळत नाही. आत द्रव आहे तोवर काटा तेवढाच दाखवतो आणि संपताना एकदम पडतो. म्हणून वजन करा. आपल्या मालाचं वजन दुसरा करतो आणि आपण बघत राहतो. निदान आपल्या सिलिंडरचं तरी आपण करू या.

वजनावरून गळतीही कळते. एकोणीस लिटरच्या पिंपात अडीच पट मुरवायला शंभर ग्रॅमच्या आत गॅस लागतो, आणि ते नळाने बाहेर ढकलायला आणखी साठ-सत्तर ग्रॅम. म्हणजे एका किलोत सहा पिंपं निघाली पाहिजेत. सोड्याला थोडी कमी निघतील. तुमच्या किलोत दोनच निघत असतील, तर बाकीचा गॅस ग्राहक पीत नाही, खोली पिते.

प्लास्टिकचा ड्रम, दुधाची कॅन, कीटकनाशकाचा पंप, यांत गॅस भरायचा नाही. गेल्या वर्षी आम्ही स्वतः एका ड्रमला व्हॉल्व्ह बसवून बघायचा शहाणपणा केला. त्याचं झाकण पत्र्याला लागलं आणि पत्रा वाकला. कुणाच्या तोंडाला लागलं असतं, तर आज आम्ही हे भाषण करायला उभे राहिलो नसतो. पिंपावर किती दाबाला चालतं ते ठोकलेलं असतं. ठोकलेलं दिसत नसेल तर ते पिंप पाण्याला वापरा.

आणि खोली. पिंप आणि सिलिंडर उघड्यावर, शेडमध्ये. चोरी होईल? होऊ दे. त्या खोलीत माणूस झोपणार नाही. कामाला गेलात आणि डोकं जड झालं, धाप लागली, तर तिथे थांबून गळती शोधायची नाही. आधी बाहेर. आत कुणी पडलेला दिसला तर एकट्याने उडी घ्यायची नाही. विहिरीत एकामागे एक असे तीन-तीन भाऊ गेलेले आपण पाहिले आहेत.

आता आजच्या बैठकीपुढचा प्रश्न. गटाला भंगारवाल्याकडून वीस पिंपं एकदम, स्वस्तात मिळताहेत. घ्यावीत का?

आम्ही काल जाऊन बघितली. वीसपैकी निम्म्याहून जास्त पिंपं आपल्या या प्रकारची नाहीतच. ती बिअर कंपन्यांची पोटफुगी पिंपं आहेत, वर एकच तोंड असलेली. त्यांच्यावर कंपनीचं नाव ठोकलेलं आहे. अशी पिंपं कंपनी विकत नाही, ती भरून देते आणि परत घेते. ती भंगारात कशी आली, हे भंगारवाल्याला विचारा, तो विषय बदलेल. उद्या चोरीचा माल म्हणून दारात कुणी आलं, तर पावती दाखवता येईल का? शिवाय त्यांच्या तोंडातली नळी आतल्या दाबासकट कुणी खोलायला गेला, तर ती गोळीसारखी वर येते. तिला हात लावायचा नाही.

उरलेल्यांतली तीन पिंपं आम्हाला बरी वाटली. दाबाचा आकडा वाचता येतो, तळाला पोचा नाही, आत गंज नाही. तीनच घ्या. पैसे देण्याआधी नवे वायसर टाकून, तीस पौंडांवर बसवून, रात्रभर ठेवून बघा. भंगारवाला म्हणेल, 'एवढी काय परीक्षा?' त्याला सांगा, आमच्या कापसाची ओल तुम्ही बोटाने बघता, तेव्हा आम्ही काही म्हणतो का?

उरलेल्या पैशांत दुसरा रेग्युलेटर, वायसरांचे दोन जोड, वजनकाटा आणि शेडवर पत्रा. पोरांना हे नको वाटेल. वीस पिंपं ओळीने उभी केली की धंदा दिसतो. वायसर दिसत नाही. पण धंदा वायसरवर उभा राहतो.

आमच्या चळवळीत आम्ही नेहमी मोठ्या गळतीबद्दल बोलतो, भावाच्या, व्याजाच्या, वीजबिलाच्या. ती खरीच आहे आणि तिच्याशी भांडायचंच आहे. पण आपल्या घरातली, आपल्या हातातली, दोन रुपयांची गळती आपण बुजवायची नाही आणि तिच्यापायी लेकरू जायची वेळ आली तर नशिबाला बोल लावायचा, हे आम्हाला मान्य नाही. ती गळती कुणा सरकारने लावलेली नाही.

तर ठराव असा मांडतो. तीन पिंपं, उघडी शेड, आणि गॅसच्या खोलीत कुणीही झोपणार नाही. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. मावशी, तुम्ही आधी करा. तुमचा लेक त्या रात्री बाहेर झोपला होता.